ओल्या चिपाडाचा हिशेब

गल्लीच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरत होता : बाटलीभर पाण्यावर पळणारी मोटारसायकल. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. ती फोडून हायड्रोजन काढता येतो, पण फोडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी तो जाळून परत मिळत नाही. विषय संपला.

त्याच ग्रुपवरचं दुसरं वाक्य मात्र चांगली शिकलेली माणसंही बोलतात : "आपल्या साखर कारखान्यांची वीज काय, चिपाडावरची. फुकट!"

100 टन ऊस गाळला की 28-30 टन चिपाड पडतं. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. रोलरखालून कितीही पिळून काढा, त्यात वजनाने निम्मं पाणी राहतंच. म्हणजे बॉयलरमध्ये 1 किलो चिपाड टाकलं, तर जळणारं अर्धाच किलो. त्यातून साधारण 2,300 किलोकॅलरी उष्णता निघते. उरलेलं अर्धा किलो पाणी आधी 100 अंशांपर्यंत तापवायचं, मग त्याची वाफ करायची. 1 किलो पाण्याची नुसती वाफ करायला 540 किलोकॅलरी लागतात, तापवायचे 70 वेगळे. आपल्या अर्ध्या किलोला झाले 305. जवळजवळ आठवा हिस्सा स्वतःचंच पाणी उडवण्यात गेला, आणि ती वाफ टर्बाइनकडे न जाता सरळ धुराड्यातून निघून जाते.

गुऱ्हाळवाल्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तो चिपाडं अंगणभर पसरून उन्हात खडखडीत वाळवतो, मगच चुलवाणात सारतो. ओली घातली तर नुसता धूर आणि काहिलीतला रस उकळता उकळत नाही. पाणी उडवायचं काम ऊन करतं, ही अस्सल सौरऊर्जाच. पण त्याला मोकळी जागा लागते, माणसं लागतात, आणि अवकाळीची एक सर आली की सगळं भिजतं. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्याने 1,400 टन चिपाड वाळत घालायचं कुठे?

म्हणून कारखाने दुसरीकडून भरून काढतात. जुने बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला 21 किलोच्या दाबाची वाफ देत, नवे 67, 87, काही तर 110 किलोची. रस आटवायला कमी दाबाची वाफ पुरते. मग जास्त दाबाची करून आधी टर्बाइन फिरवायचं, दाब उतरलेली वाफ रसाला द्यायची. वीज वरकड. पण हे बॉयलर कर्जावर येतात. व्याज बारा महिन्यांचं आणि गाळप चार-पाच महिन्यांचं. फुकटपणा तिथेच संपतो.

घराच्या छपरावरच्या सौर पॅनेलची वीजही अशीच 'फुकट', पण तिचं दुखणं वेगळं. 3 किलोवॅटला केंद्राकडून 78,000 रुपये अनुदान मिळतं, चांगल्या उन्हात किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट पडतात. पण आपल्याकडचा जून-जुलै ज्याने पाहिलाय त्याने वर्षाचा हिशेब एप्रिलच्या आकड्यावरून करू नये.

आता हंगामात कारखान्यावरून जाताना धुराड्याकडे बघा. पहाटेच्या थंडीत वर पांढराशुभ्र ढग दिसतो. त्यात ते अर्धा किलो पाणी असतं.