नेहरू सेंटर की नेहरू सायन्स सेंटर? वरळीला निघण्याआधी

मे महिन्यात सांगलीहून आत्या आली होती, सोबत आतेभावाची दोन मुलं. मुलांना तारे बघायचे होते. दादर स्टेशनबाहेर टॅक्सीत बसताना मी घाईघाईत म्हटलं, "नेहरू सेंटर, वरळी." टॅक्सीवाल्याने मागच्या सीटवरची पोरं बघितली, मान हलवली आणि आम्हाला बरोब्बर नेहरू सायन्स सेंटरच्या दारात उतरवलं. तारांगणाचा शो सुरू व्हायला तेव्हा दहा मिनिटं उरली होती आणि तारांगण होतं पलीकडच्या रस्त्यावर. त्याला काय बोलणार? पोरं घेऊन निघालेला माणूस 'सायन्स' म्हणायला विसरला असेल, असं कुणालाही वाटलं असतं.

घोळ आहेच तसा. दोन्ही वरळीत, दोन्हींना नेहरूंचं नाव, दोन्हीकडे शाळांच्या बसगाड्यांची रांग. सुरुवातही एकाच वर्षातली. ३ मार्च १९७७ ला इंदिरा गांधींच्या हस्ते तारांगणाचं उद्घाटन झालं, आणि त्याच वर्षी सायन्स सेंटरमध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं पहिलं प्रदर्शन उघडलं. मराठी नावं वापरली तर गोंधळ उरत नाही: एक 'नेहरू तारांगण', दुसरं 'नेहरू विज्ञान केंद्र'. पण टॅक्सीत बसून 'विज्ञान केंद्र' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पत्त्यापासून सुरुवात करू. तारांगण आहे डॉ. ॲनी बेझंट रोडवर, नेहरू सेंटर या संस्थेच्या आवारात. तिथेच ती उंच, जाळीदार 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इमारत आहे, वास्तुकार आय. एम. काद्री यांनी उभारलेली. याच संस्थेचं नाट्यगृह आणि कलादालनही आहे, त्यामुळे 'नेहरू सेंटरला नाटक आहे' असं कुणी म्हणालं तर ते हेच. विज्ञान केंद्र आहे डॉ. ई. मोझेस रोडवर, महालक्ष्मी स्टेशनच्या बाजूला. ते केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचं आहे. दोघांचा एकमेकांशी कारभाराचा काही संबंध नाही, इथलं तिकीट तिथे चालत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचं 'सायन्स सेंटर' नावाचं स्टेशनही झालंय. नावात नेहरू नाहीत, पण पाहुण्यांना पाठवताना त्याचा उपयोग होतो: सायन्स सेंटर बघायचं तर सायन्स सेंटरला उतरा.

आता आत काय आहे ते. तारांगणात तुम्ही खुर्चीत रेलून बसता, दिवे मालवले जातात आणि डोक्यावरच्या घुमटावर आकाश उमटतं. पूर्वी हे काम कार्ल त्साइसचा प्रोजेक्टर करायचा. २००३ मध्ये त्याच्या जागी डिजिस्टार ही डिजिटल यंत्रणा आली, त्यामुळे आता ताऱ्यांच्या गर्दीत शिरल्यासारखंही दाखवता येतं. मुंबईच्या पोराला आकाशगंगेचा पट्टा कुठे दिसणार? रस्त्यांवरचे दिवे तो गिळून टाकतात. म्हणून ते घुमटावरचं आकाश खोटं असलं तरी गच्चीवरच्या खऱ्या आकाशापेक्षा खरं वाटतं. शो मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असतात. वेळा आधी बघा, कारण भाषेचा शो चुकला तर आजीला इंग्रजीतून शनीची कडी ऐकावी लागतात. बाहेर वेगवेगळ्या ग्रहगोलांवरचं वजन दाखवणारे काटे आहेत. पृथ्वीवर साठ किलो भरणारा माणूस चंद्रावर दहाच किलोंचा होतो आणि गुरूवर दीडशेच्या घरात जातो. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा आत्या चंद्राच्या काट्यावर दोनदा चढली, गुरूच्या वाटेला गेली नाही.

विज्ञान केंद्रात बसायला फार कुणी सांगत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय म्हणून योजलं होतं. नंतर जगभर वारं फिरलं, काचेआडच्या वस्तू बघण्यापेक्षा स्वतः फिरवून, ओढून, दाबून शिकायची केंद्रं निघू लागली, आणि इथलाही बेत बदलला. १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, विज्ञान उद्यान उघडलं. संपूर्ण केंद्राचं उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ ला राजीव गांधींनी केलं. तरी संग्रहालयाचा थोडा अंश बागेत शिल्लक आहे: वाफेचं इंजिन, मुंबईची जुनी ट्राम, आणि भारतात बनलेलं 'मरुत' लढाऊ विमान. मुंबईतली ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. आत्याने लहानपणी तिच्यातून प्रवास केला होता, त्यामुळे ती तिथून हलायलाच तयार नव्हती.

आत मुलं जिथे सर्वांत जास्त हसली ते 'ताटातलं डोकं'. टेबलावर ताट, ताटात जिवंत मुंडकं, डोळे मिचकावतंय, आणि टेबलाखाली रिकामं! खरं तर रिकामं नसतंच. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे कोनात जोडून उभे केलेले असतात, त्यांची जोडलेली कड बघणाऱ्याकडे. आरशात दोन्ही बाजू दिसतात, त्या मागच्या बाजूसारख्याच असल्यामुळे आपल्याला वाटतं की आरपार दिसतंय. माणूस बसलेला असतो आरशांच्या मागे. धाकट्याने टेबलाखाली हात घातला, त्याची बोटं आरशावर आपटली आणि समोरून दुसरी बोटं आली. तेवढ्याने त्याला प्रकाशाचं परावर्तन कळलं, शाळेत ते पुढच्या वर्षी येणार आहे.

घोळात आणखी भर म्हणजे विज्ञान केंद्रातही घुमटाचं एक चित्रपटगृह आहे, 'सायन्स ओडिसी' नावाचं. पोरं घुमट बघून "हेच ना तारांगण?" म्हणतात. नव्हे, तिथे मोठ्या पडद्यावरचे विज्ञानपट दाखवतात.

दोन्ही एका दिवसात उरकता येतात, पण क्रम नीट लावा. तारांगण शोच्या वेळेला बांधलेलं, म्हणून आधी तिथलं तिकीट पक्कं करा आणि उरलेला वेळ विज्ञान केंद्राला द्या. तिथे तीन तासही कमी पडतात. माझं विचाराल तर सहा-सात वर्षांच्या चुळबुळ्या पोराला आधी विज्ञान केंद्रच, अंधारात गप्प बसणं त्याच्याच्याने होत नाही. सोमवारी तारांगण बंद असतं, विज्ञान केंद्र चालू. आणि राकेश शर्मा ज्या सोयूझ कुपीतून परतले ती बघायची असेल, तर ती या दोन्हीकडे नाही. ती दिल्लीच्या नेहरू तारांगणात आहे, तीन मूर्ती भवनाच्या आवारात.