सोनार-सराफ पूर्वजांची वंशावळ शोधताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरात दोन-चार पिढ्यांपूर्वी सोनारकाम, सराफी किंवा दागिन्यांशी लागून असलेला दुसरा धंदा होता एवढेच ज्यांना ठाऊक आहे, आणि त्यामागची माणसे, गावे, साले शोधायची आहेत, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. काम आमच्याकडे दिले काय किंवा स्वतः केले काय, क्रम तोच: आजपासून मागे, एकेक पिढी, आणि प्रत्येक पायरीला कागद. मधली पिढी गाळून थेट पेशवाईत उडी मारली की भलत्याच घराण्याशी नाते जुळते आणि पुढचा सगळा खर्च वाया जातो.

आडनावावर भिस्त नको

पोतदार म्हणजे नाणी पारखणारा. गावोगाव हे काम बहुधा सोनाराकडे असे, पण सगळे पोतदार सोनार नव्हेत. ब्राह्मणांतही पोतदार आहेत. सराफ आणि पारख यांचेही तेच. ‘शेट’ तर नावाला जोडायचा मान. मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) यांचे आडनाव मुरकुटे. शंकरशेट हे वडिलांचे नाव. तेव्हा जुन्या कागदात ‘बाळशेट बिन गोविंदशेट’ असे दिसले तर आडनाव मिळाले असे समजू नका; बाप-लेक मिळाले, आणि ते जास्त मोलाचे आहे.

‘-कर’वाले आडनाव घराण्याने सोडलेले गाव सांगते. पेडण्यात राहणाऱ्याला पेडण्याचे लोक पेडणेकर म्हणत नाहीत. ते नाव दुसऱ्या गावी गेल्यावर चिकटते. म्हणून मूळ गावाच्या दप्तरात हे आडनाव शोधून हाती काही लागत नाही. तिथे जुने उपनाव असते, नाहीतर नुसते ‘सोनार’.

दागिन्यांच्या धंद्यातला पूर्वज सोनारच असेल असेही नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, कामासाठी देशभर पांगलेली कुटुंबे मुख्यतः शेतकरी घरांतली. त्यांचा माग गावच्या जमिनीच्या कागदांत चांगला लागतो. दागिने गुंफणारे पटवे आणि सोनाराच्या दुकानातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी यांच्या नोंदी त्याच नावाने सापडतात, ‘सोनार’खाली नाही.

सुरुवात घरातूनच

थोरल्यांना ‘पणजोबांचे नाव काय’ असे विचारले की बहुधा ‘आठवत नाही’ हेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा: दुकान कोणत्या बोळात होते, कोणाच्या वाड्यात भाड्याने होते, श्राद्ध कोणत्या तिथीला असायचे, लग्नाला मान कोणत्या गावाहून यायचा. श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावे घेतात. घरचे गुरुजी किंवा श्राद्ध करणारा थोरला चुलतभाऊ ती नावे तोंडपाठ सांगू शकतो. श्राद्धाची तिथी मृत्यूची तिथी देते, साल देत नाही. पण मृत्यूच्या नोंदवहीत एकाच नावाचे दोघे निघाले की हीच तिथी निवाडा करते. आज्याचे नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने असे दोघे हमखास निघतात.

मग कागद जमा करा: वाटणीपत्र, मृत्युपत्र, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, दुकानाचे परवाने, भाडेपावत्या. दुकानाचे नाव छापलेली दागिन्याची डबी आणि जुनी छापील पावती फेकू नका; त्यावर पेठ आणि मालकाचे पूर्ण नाव असते. जुन्या वेढणीवर (साध्या सोन्याच्या वेढ्यावर), चांदीच्या भांड्यांच्या बुडाशी दुकानाचा छाप असेल तर त्याचा जवळून फोटो काढा. आज दिसणारा हॉलमार्क इथे कामाचा नाही. सोन्याचे हॉलमार्किंग आपल्याकडे २००० साली सुरू झाले, त्यामुळे त्याआधीच्या दागिन्यावर असलाच तर दुकानाचा खाजगी छाप.

स्त्रियांची नावे याच टप्प्यावर लिहून घ्या. लग्नात नाव बदलत असल्याने एकच बाई माहेरच्या कागदात एक आणि सासरच्या कागदात दुसरी असते. जुन्या दप्तरात ‘सखू कोम रामजी’ म्हणजे रामजीची बायको सखू, आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. हे दोन शब्द ओळखता आले की निम्मी वंशावळ वाचता येते.

दुकानाची वही हाती लागली तर

याहून चांगला कागद सराफ घराण्याला मिळत नाही, आणि तोच सर्वांत आधी रद्दीत जातो. वह्या तीन तऱ्हेच्या: रोजची जमाखर्चाची कीर्द, माणसागणिक खाती असलेली खतावणी आणि गहाणवही. ग्राहक बहुधा गहाणवही घेऊन येतात, कारण ती भारदस्त दिसते. पण तिच्यात कुळांची, म्हणजे कर्जदारांची, नावे असतात, घरच्यांची नव्हे. घराण्याचा इतिहास खतावणीतल्या ‘घरखर्च’ खात्यात असतो. बारशाचे साखरवाटप, मुंजीचे कापड, लग्नाचा मांडव, तेराव्याची दक्षिणा हे सगळे तिथे तारखेनिशी लिहिलेले सापडते. काशी-त्र्यंबकेश्वराच्या यात्रेचा खर्च दिसला तर ते पान वेगळे काढा. पुढे तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांकडे जाताना लागेल.

वहीचे पहिले पान नीट पाहा. लक्ष्मीपूजनाला वही पूजून त्यावर साल आणि पेढीच्या मालकाचे नाव घालतात. ओळीने दहा वह्या असतील आणि पाचवीपासून नाव बदलले असेल, तर चौथ्या वहीच्या अखेरीस मृत्यू, वाटणी किंवा दत्तक यांपैकी काहीतरी आहे. घरखर्चात त्याच सुमाराला तेरावा निघाला तर मृत्यू. नाही निघाला तर भांडवल खात्यात रक्कम कोणाच्या नावे वळली ते बघावे.

सालाचा घोळ इथेच होतो. शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, हे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत बरोबर. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८०२ मधला मार्गशीर्ष १८८० सालचा, पण शके १८०२ चा फाल्गुन १८८१ चा. त्यात व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते आणि शक गुढीपाडव्याला बदलतो, म्हणून एकाच वहीत दोन शक येतात. हे लेखनिकाच्या चुकीमुळे होत नाही. गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो. त्यातून दिवाळी ते डिसेंबरसाठी ५७ आणि जानेवारी ते दिवाळीसाठी ५६ वजा करावेत.

वजनांचे कोष्टक: ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा. तोळा ११.६६४ ग्रॅम, मासा ०.९७२ आणि गुंज ०.१२१५. नमुन्यादाखल नोंद घ्या: ‘गोठ जोड १, तो ४ मा ७ गुं ३’. गोठ म्हणजे हातातला बांगडीसारखा दागिना. याचे ५३.८२ ग्रॅम होतात. आजचा ‘दहा ग्रॅमचा तोळा’ धरून हिशेब केला तर जवळपास पावणेआठ ग्रॅम कमी भरतात, आणि मग घरात आजही असलेला तोच गोठ वहीतला नव्हे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आकड्यापुढच्या उभ्या रेघा पाव भागाच्या: एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. १६ आणे म्हणजे रुपया हा हिशेब १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत चालला आणि वह्यांत त्यानंतरही काही काळ रेंगाळला. ‘मोड’ म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेले जुने सोने, ‘घडणावळ’ म्हणजे मजुरी. यांना माणसांची नावे समजून वंशावळीत घातलेले कागद आम्ही पाहिले आहेत.

मोडी लिपीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. संक्षेपही फसवे: वजनाच्या रकान्यातला ‘मा’ म्हणजे मासे, नावाआधीचा ‘मा’ बहुधा मार्फत. म्हणून पूर्ण पान वाचायला द्या, फक्त नावाची ओळ कापून पाठवू नका.

वहीला पाणी लागू देऊ नका. काजळाची शाई ओल्या फडक्याने एका पुसण्यात उतरते. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही पुढे काढता येत नाहीत आणि पट्टीचा गोंद अक्षर खातो. उन्हात घालू नका. कसर लागलेली वही वेगळ्या पिशवीत ठेवा, बाकीच्या वह्यांत मिसळू नका. फोटो खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅशशिवाय, एका फोटोत एकच पान आणि कडेला मोजपट्टी ठेवून काढावा.

१९६३ ची फट

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायला बंदी झाली. देशभर असंख्य कारागीर एका फटक्यात बेकार झाले. शुद्धतेची अट १९६६ मध्ये सुटली, पण तोवर अनेक घरांनी धंदा बदलला होता. याचा वंशावळीवर थेट परिणाम दिसतो: थोरल्या मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात बापाचा धंदा ‘सोनारकाम’ आणि धाकट्याच्या नोंदीत ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’. दोन वेगळी कुटुंबे समजून इथे गाडी अडते. शाळेतल्या नोंदींच्या तारखा १९६३ च्या अलीकडे-पलीकडे आहेत का ते आधी पाहावे.

याच नियंत्रणाने कागदही मागे ठेवले. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याखाली कारागिराला प्रमाणपत्र आणि व्यापाऱ्याला परवाना लागे. कायदा १९९० मध्ये रद्द झाला. ही प्रमाणपत्रे घरच्या ट्रंकांत अजून निघतात. गहाणावर कर्ज देणाऱ्या सराफाला १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याखाली वेगळा परवाना घ्यावा लागे. परवान्यावरचा पत्ता हे यातले खरे मोल, कारण पत्ता मिळाला की मिळकतीचा कागद मागता येतो.

सरकारी दप्तर

खेड्यातल्या घराण्यासाठी पहिला कागद गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. तिच्यात बापाचे नाव आणि जात असते, जुनी पाने मोडीत असतात. अर्ज गाव आणि सालाचा पट्टा घालून करावा. ‘आमच्या घराण्याची नोंद द्यावी’ असा अर्ज परत येतो. २०२३ पासून अनेक जिल्ह्यांनी अशा नोंदींची छायाचित्रे संकेतस्थळांवर टाकली आहेत, पण तो शोध कुणबी नोंदींचा होता. तिथे आपले नाव नाही म्हणजे दप्तरात नाही, असे होत नाही.

पेठेतल्या सराफासाठी सात-बारापेक्षा नगर भूमापनाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि तिच्या मागची चौकशी नोंदवही कामाची. पत्रिकेवर वारसांची नावे तारखेनिशी चढतात. काही जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर पाहता येतात. वाटणीपत्र, गहाणखत नोंदवलेले असेल तर दुय्यम निबंधकाकडे शोध घ्यावा: सूची क्र. १ नावांची, सूची क्र. २ मिळकतींची. नावाचे स्पेलिंग अनेक तऱ्हांनी लिहिलेले असल्याने आम्ही आधी दोन नंबरची सूची उघडतो.

पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराकडे वळावे ते १८५० च्या आसपासचे नाव आणि गाव पक्के झाल्यावरच. तिथे पेठांच्या खानेसुमाऱ्या, म्हणजे घरगणत्या, आहेत, टांकसाळींचे कागद आहेत, पण सगळे मोडीत आणि रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत. साल शुहूर सनात, अरबी शब्दांत असते: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे २ + ७० + १०० + १०००, म्हणजे ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१. हे वर्ष मृगात सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या नोंदीला ६०० मिळवावेत. नुसते नाव जुळले म्हणून पूर्वज ठरवू नये. नाव, बापाचे नाव आणि गाव अशा तिन्ही गोष्टी जुळाव्यात.

दप्तराबाहेरचे

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी, म्हणजे यात्रेला आलेल्यांच्या नोंदवह्या, हा मोठा आधार. तिथे मूळ गाव सांगावे लागते. सध्याचा पत्ता सांगितला तर भलत्याच उपाध्यायांकडे पाठवतात. नोंदीखाली आलेल्या माणसाची सही असेल तर तिचा फोटो मागा. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी लोक वंशावळी सांगतात, बहुधा कानडीत. त्यांची अलीकडच्या पिढ्यांची नावे घरच्या कागदांशी ताडून पाहावीत. ती जुळली तरच मागच्या नावांना वजन द्यावे.

गोव्याहून आलेल्या दैवज्ञ (सोनार) घराण्यांनी देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे हक्कदार घराण्यांची, यादी आधी पाहावी, उदाहरणार्थ कासारपालची श्री कालिका. गोव्यात १९१४ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांची नागरी नोंदणी आहे आणि जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. नावांचे पोर्तुगीज वळण ओळखणारा माणूस बरोबर असावा.

आमच्याकडे येताना

माहीत असलेल्या सर्वांत जुन्या पूर्वजाचे नाव, गाव आणि अंदाजे साल एका कागदावर लिहून आणा. मूळ वह्या आणू नका, फोटो पुरतात. मूळ लागलीच तर आम्ही तुमच्यासमोर उघडतो. गहाणवहीतली कुळांची कर्जे आणि नावे आम्ही लिप्यंतरात देत नाही, कारण त्या घरांचे वंशज आज त्याच गावात राहतात.

जात पडताळणीसाठी कागद हवे असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि समितीपुढे कार्यालयाची साक्षांकित नक्कल लागते. आमचे लिप्यंतर तिच्यासोबत जोडता येते, तिच्याऐवजी नाही. तयार वंशावळीत प्रत्येक नावाखाली कागदाचा क्रमांक असतो. ज्या नात्याला कागद नाही, फक्त सांगोवांगी आहे, ते तुटक रेघेने दाखवतो, आणि ग्राहकाने आग्रह केला तरी ती रेघ सलग करून देत नाही.