दोन सेंटिमीटरचा फरक

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आतून किरणोपचार घेऊन आलेल्या बाईजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये, तिचे ताट-वाटी वेगळे ठेवावे, असे सांगणारे लोक आजही भेटतात. या समजुतीला काडीचाही आधार नाही. सध्या रूढ असलेल्या पद्धतीत इरिडियम-१९२ चा काही मिलिमीटर लांबीचा स्रोत तारेच्या टोकाला बसून यंत्रातील जाड कवचाच्या तिजोरीतून बाहेर येतो, शरीरात काही मिनिटे राहतो आणि तिजोरीत परत जातो. त्याच्या गॅमा किरणांमुळे शरीर किरणोत्सारी होत नाही. उपचारांनी थकलेल्या बाईला अशा वेळी माणसांपासून तोडणे हा तिच्यावर होणारा उघड अन्याय आहे.

मुळात स्रोत आत न्यावा का लागतो? गाठ आटोक्यात येण्यासाठी किरणांची एकूण मात्रा साधारण ८० ते ८५ ग्रे (शोषलेल्या किरणांचे एकक) किंवा त्याहून अधिक लागते. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि वर आतडी असल्यामुळे बाहेरून ४५ ते ५० ग्रेपर्यंतच थांबावे लागते. उरलेली मात्रा शाळेत शिकलेल्या व्यस्त वर्गाच्या नियमाच्या बळावर देता येते: स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाईवर येते. बाहेरच्या यंत्राचा किरणस्रोत सुमारे १०० सेंटिमीटरवर असतो. तिथून आणखी २ सेंटिमीटर पुढे गेल्यास केवळ अंतरामुळे होणारी घट जेमतेम ४ टक्के असते. स्रोत गर्भाशयमुखातच असेल, तर १ सेंटिमीटरवर मिळणाऱ्या मात्रेचा जेमतेम नववा हिस्सा ३ सेंटिमीटरवर पोहोचतो. अंतर तेच २ सेंटिमीटरचे, पण एकीकडे ४ टक्के घट आणि दुसरीकडे जवळजवळ ८९ टक्के.

हाच नियम उलटूही शकतो. स्रोतापासून २० मिलिमीटरवर असलेली गुदाशयाची भित्ती १८ मिलिमीटरवर सरकली, तर तिला सुमारे २३ टक्के अधिक मात्रा मिळते. म्हणूनच गर्भाशयात नळी व योनीमार्गात कडे बसवल्यावर गॉज घट्ट भरून मूत्राशय आणि गुदाशय दूर ढकलतात, सीटी किंवा एमआरआय काढतात आणि नळीतल्या प्रत्येक थांब्यावर स्रोताने किती सेकंद थांबावे हे संगणकावर ठरवतात. इरिडियमचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सुमारे ७४ दिवसांचे असल्यामुळे तेवढ्या काळानंतर त्याच मात्रेसाठी दुप्पट वेळ लागतो आणि दर तीन-चार महिन्यांनी स्रोत बदलावा लागतो.

बाहेरून किरण देणारी नवी, महागडी यंत्रे आली की आता आतल्या उपचाराची गरज उरली नाही, असा गाजावाजा होतो. पण अमेरिकेतील नोंदींनुसार आतल्या उपचाराचे प्रमाण १९८८ मधील ८३ टक्क्यांवरून २००९ मध्ये ५८ टक्क्यांवर घसरले, आणि तो न मिळालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. बाहेरच्या किरणांनी रक्तस्राव थांबतो, बाईला बरे वाटते आणि पुढचा टप्पा राहून जातो. गाठीचे अवशेष मात्र तिथेच असतात. दोन्ही मिळून सारे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपावे लागतात, कारण लांबलेल्या काळात उरलेल्या पेशी पुन्हा वेगाने वाढू लागतात. त्यामुळे आतल्या किरणांची सोय दुसऱ्या शहरात असेल, तर तिथली तारीख बाहेरचे किरण सुरू होतानाच ठरवून घ्यावी.