गोठ्याची धूळ आणि बाळाचं पोट

शेणानं सारवलेल्या खळ्यात रांगून वाढलेल्या पोरांना कसली आलीय ॲलर्जी, असं गोव्यातल्या डिचोली-सत्तरीतल्या आज्या अजूनही ठणकावून सांगतात. त्यातलं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं फार मोलाचं आहे.

१९८९ साली ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १७ हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. घरात थोरली भावंडं जितकी जास्त, तितका परागकणांमुळे होणारा सर्दी-शिंकांचा त्रास कमी, असं त्यांना दिसलं. भावंडांबरोबर जंतूही घरात येतात, म्हणून ‘मुलांना घाणीत खेळू द्या’ असा सोयीस्कर अर्थ काढला गेला. पण संशोधन हळूहळू वळलं ते आतड्यांकडे.

आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या असतात बायफिडोबॅक्टेरियासारख्या जिवाणूंसाठी! हे आणि त्यांच्यामागून येणारे जिवाणू आतड्यात आम्लं तयार करतात. त्यांतल्या ब्युटिरेटमुळे रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या ‘रेग्युलेटरी टी’ पेशी वाढतात. हा लगाम सैल राहिला, तर शरीर अंड्याला किंवा धुळीतल्या सूक्ष्म किड्यालाही शत्रू समजून ॲलर्जी घडवणारी ‘आयजीई’ प्रतिपिंडं बनवू लागतं.

रोगप्रतिकारशक्तीचं हे शिक्षण कधी होतं? फार लवकर. २०१५ मध्ये कॅनडातल्या ३१९ बाळांची शी तपासली गेली. ज्यांना पुढे दम्याचा धोका होता, त्यांच्यात तिसऱ्या महिन्यात चार प्रकारचे जिवाणू कमी होते. वर्षाच्या वयाला हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. सिझेरियननं जन्मलेल्या बाळांना आईकडचे काही जिवाणू उशिरा मिळतात, आणि गोव्यात जवळपास ४० टक्के बाळंतपणं सिझेरियननं होतात. म्हणून गरजेचं सिझेरियन टाळायचं नाही. स्तनपानाकडे जास्त लक्ष द्यायचं, एवढंच.

गोठ्याचं काय? अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. वंश जवळचा, आहारही सारखा. आमिश लोक घरालगतच्या गोठ्यात गाई-घोडे बाळगतात. हटराइटांची शेती यंत्रावर, जनावरं घरापासून लांब. दम्याचं प्रमाण आमिश मुलांत ५ टक्के, हटराइट मुलांत २१. संशोधकांनी दोन्हीकडच्या घरातली धूळ उंदरांच्या नाकात सोडली. आमिश धुळीनं उंदरांना दम्यासारख्या त्रासापासून वाचवलं, हटराइट धुळीनं नाही.

तेव्हा आजीचा गोठा पास. आषाढात फ्लॅटच्या भिंतींवर चढणारी बुरशी मात्र नापास. ती दमा चाळवते. नवजात बाळाला मध चाटवणंही नापास, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. वर्षापर्यंत मध नकोच. साध्या विषाणूजन्य सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्या पालकांनाही मी याच रांगेत बसवेन.

उष्टावणाचा मुहूर्त मात्र विज्ञानाला मानवतो. लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, उरलेल्यांना तो वर्ज्य. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी वर्ज्य गटात १७ टक्के, खाणाऱ्यांत ३ टक्के. अख्खा दाणा घशात अडकतो, म्हणून अगदी बारीक कूट पेजेत कालवून द्यावं. अंगावर बराच इसब असेल, तर आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारून.