औषधाचा भाव सरकारच ठरवतं?
ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा निरोप: ‘औषधांचे भाव सरकार ठरवतं, म्हणून सगळीकडे सारखेच.’

हे अर्धंच खरं. 2013च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने कमाल किंमत बांधली जाते ती मुख्यतः सरकारच्या ‘अत्यावश्यक’ यादीतल्या औषधांची. तीही कशी, तर बाजारात किमान 1 टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी, वर दुकानदाराचे 16 टक्के. उत्पादनखर्च त्यात धरतच नाहीत. खरा वाद इथेच आहे: किंमत बाजारभावावर बांधायची की खर्चावर. बाकी औषधांची किंमत कंपनी ठरवते, फक्त वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही.

पडताळायचंय? सदाशिव पेठेतल्या दुकानात तोच घटक, तेवढ्याच मिलिग्रॅमचा, दुसऱ्या कंपनीचा मागा. दहा गोळ्यांचा छापील भाव ताडून पाहा. ब्रँड बदलण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा, फिट्सच्या गोळ्या असतील तर नक्कीच.