क्ष म्हणजे म्हाळुंग नाही, म्हाळुंगाची किंमत

दहावीच्या बीजगणितात दोन चलांची शाब्दिक उदाहरणं आली की मुलं गंडतात, पण सोडवताना नाही हां, लोप पद्धत (एक चल काढून टाकून दुसरं शोधायची) त्यांना पाठ असते. गंडतात पहिल्याच ओळीत, "समजा क्ष = पेन" लिहितात तिथे. अरे पेन काय? पेनची किंमत की पेनांची संख्या? कारण दोन प्रकारची गणितं असतात आणि दिसायला अगदी जुळी भावंडं.

एक जुनं गणित घेऊ. सन ८५० च्या आसपास गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात दिलंय: ९ म्हाळुंगं आणि ७ कवठं मिळून १०७ ला, ७ म्हाळुंगं आणि ९ कवठं मिळून १०१ ला, तर एकेकाची किंमत किती? (रुपये आपण धरू.) इथे फळं किती ते दिलंय, भाव माहीत नाही. म्हणून क्ष म्हणजे एका म्हाळुंगाची किंमत, य म्हणजे एका कवठाची.

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

आकडे असे उलटसुलट असले की लोप करत बसूच नका. बेरीज केली की १६ ने भाग जातो, क्ष + य = १३. वजाबाकी केली की २ ने भाग जातो, क्ष − य = ३. झालं, म्हाळुंग ८ ला, कवठ ५ ला.

आता हेच उलटं करू. म्हाळुंग ८ रुपयांना, कवठ ५ ला, एकूण १६ फळं घेतली, १०७ रुपये झाले, तर कुठली किती? आता भाव दिलाय आणि नग माहीत नाहीत, म्हणजे क्ष ही म्हाळुंगांची संख्या.

क्ष + य = १६
८क्ष + ५य = १०७

उत्तर ९ आणि ७, म्हणजे मघाचेच आकडे, फक्त ९ आणि ८ नी जागा बदलली, ७ आणि ५ नी पण.

ओळखायचं कसं तर उजवीकडे बघा. भाव शोधायचे असले की दोन्ही समीकरणं रुपयांची, १०७ रुपये, १०१ रुपये. नग शोधायचे असले की बहुतेक वेळा एक समीकरण नगांचं आणि एक रुपयांचं, आणि ते दोन एकमेकांत मिसळायचे नाहीत. शिवाय भाव साडेसात रुपये आला तर चालतं, नग साडेसात आले की कुठेतरी माती खाल्लीय.

माझ्या भाच्याने दुसऱ्या गणितात १६ आणि १०७ ची अदलाबदल केली, क्ष + य = १०७ आणि ८क्ष + ५य = १६. सोडवलं मात्र एकदम बरोबर, उत्तर आलं उणे १७३ म्हाळुंगं आणि २८० कवठं, आणि पठ्ठ्याने खाली दोन रेघा पण मारल्या होत्या.