यादृच्छिक मजकूरनिर्मिती

शब्दसूची, वाक्यांचे साचे आणि यदृच्छेने काढलेल्या संख्या यांच्या आधारे संगणकाकडून मजकूर तयार करून घेण्याची पद्धती. अशा मजकुराचा लेखक कोणाला म्हणायचे, हा वाद तिच्याबरोबरच आला.

ब्रिटिश संगणकतज्ज्ञ ख्रिस्तोफर स्ट्रेची (१९१६–७५) यांचा प्रयोग या क्षेत्रातील सर्वांत जुन्यांपैकी एक. १९५२ साली त्यांनी मँचेस्टर विद्यापीठातील फेरांटी मार्क १ या संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. शब्द रॉजेटच्या समानार्थी कोशातून घेतलेले, मुख्य साचे दोनच. रिकाम्या जागी कोणता शब्द बसवायचा हे यादृच्छिक संख्या ठरवी. ती काढण्यासाठी यंत्रात खास आज्ञाच होती. शेवटी सही ‘एम. यू. सी.’, म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर.

१९५४ मध्ये छापून आलेल्या एका पत्रात ‘तू माझी हळवी सहानुभूती: माझी कोमल ओढ’ अशा अर्थाचे वाक्य आहे. त्यातला अपूर्णविराम नीट पाहावा. ‘तू माझी’ या साच्याची दोन वाक्ये लागोपाठ आली, तर दुसरे आखडून पहिल्याला जोडायचे, असा नियमच स्ट्रेचींनी घालून ठेवला होता. तेच ते वाचून कान किटू नयेत ही काळजी माणसाची आहे. फाशाच्या वाट्याला फक्त शब्दाची निवड येते.

१९५९ मध्ये जर्मनीत थेओ लुट्झ यांनी झूस झेड २२ या संगणकावर काफ्काच्या ‘द कॅसल’ या कादंबरीतील १६ कर्तृपदे आणि १६ विधेये जुळवली. ‘प्रत्येक नजर जवळ नसते’, ‘कोणतेही गाव उशिरा नाही’ अशी वाक्ये निघाली. ती वाचताना काफ्काचे धुके जाणवते, कारण शब्द त्याचे आहेत. म्हणून सूची निवडणे हेच येथे अर्धे लेखन मानावे लागते. छापलेल्या ढिगातून चार ओळी वेचणारा हातही लेखकाचाच.

ब्रिटनच्या १९८८ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार संगणकनिर्मित कृतीसाठी आवश्यक व्यवस्था करणारी व्यक्ती तिची लेखक ठरते. भारतात १९९४ च्या दुरुस्तीने प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये अशी कृती घडवून आणणाऱ्या व्यक्तीला लेखक म्हटले आहे. स्ट्रेचींच्या पत्रांत ती व्यक्ती बोट ठेवून दाखवता येते. असंख्य लोकांच्या लेखनावर शिकवलेल्या आजच्या भाषा-प्रारूपांत (मजकूर लिहिणाऱ्या संगणक-प्रणालींत) सूची कोणा एकाने निवडलेली नसते. तेथे ‘घडवून आणणारा’ म्हणजे प्रणाली बांधणारा की तिला सूचना देणारा, हे कलमाच्या शब्दांवरून ठरत नाही.